समोरच्याचा डाव कळतो, मन का कळत नाही?

वाचक विचारतात : मन आणि व्यवहार

या खेपेला चढाओढ आणि मन या विषयावर पत्रं मागवली होती. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली बहुतेक पत्रं परीक्षांभोवती फिरणारी, हे अपेक्षितच होतं. पण बाजारातून आणि कबड्डीच्या मॅटवरूनही विचारणा झाली. पत्रं थोडी कापून घेतली आहेत. उत्तरं या स्तंभाच्या सल्लागारांनी मिळून लिहिली आहेत.

माझा मुलगा बारावीला आहे, नीटची तयारी चालू आहे. क्लासमध्ये दर रविवारी चाचणी असते आणि रात्री रँकची यादी ग्रुपवर येते. पहिलीपासूनचा त्याचा मित्र त्याच बॅचला आहे. हल्ली मुलगा म्हणतो, "तो मुद्दाम नोट्स लपवतो." मित्राची आई माझी मैत्रीण. तिचा मुलगा घरी जाऊन माझ्या मुलाबद्दल हेच सांगतो! खरं कोणाचं मानायचं? — एक आई, नेरूळ

दोघांचंही थोडं खरं असेल आणि दोघांचंही बरंचसं चुकत असेल.

आधी खरं काय असू शकतं ते पाहू. ॲब्रहम टेसर आणि जोनाथन स्मिथ या अमेरिकन संशोधकांनी १९८० साली मित्रांच्या जोड्या घेऊन एक प्रयोग केला. शब्द ओळखायचा खेळ होता. एकाने सूचक शब्द द्यायचे, समोरच्याने ओळखायचं. सूचना सोप्या द्यायच्या की अवघड, हे देणाऱ्याच्या हातात. "हा नुसता खेळ आहे" असं सांगितलं तेव्हा लोकांनी परक्यापेक्षा मित्राला सोप्या सूचना दिल्या. "यातून तुमची भाषेची समज मोजली जाते" असं सांगितल्यावर मात्र उलट झालं आणि अवघड सूचना मित्राच्याच वाट्याला आल्या. परका पुढे गेला तर फारसं काही वाटत नाही. जवळचा माणूस आपल्याच विषयात पुढे गेला की टोचतं. अशा वेळी हात आखडतो, आणि तो आखडलाय हे ज्याचा त्याला पुष्कळदा कळतही नाही. त्यामुळे तुमच्या मुलाने स्वतः कधी नोट्स द्यायला टाळाटाळ केली का, असं विचारलंत तर तो मनापासून "छे!" म्हणेल, आणि ते खोटं असेलच असं नाही.

आता चूक कुठे होते ते. दुसरा माणूस जितका स्वार्थी असतो, त्याहून जास्त तो आपल्याला वाटतो. जस्टिन क्रूगर आणि टॉमस गिलोविच यांनी १९९९मध्ये नवरा-बायकोंना विचारलं, की घरातल्या चांगल्या-वाईट गोष्टींत तुमचा वाटा किती? दोघांनीही चांगल्याचं श्रेय जरा जास्त घेतलं, पण वाईटाची जबाबदारीही जास्तच घेतली. जोडीदार काय म्हणेल, याचा अंदाज मात्र दोघांनी एकच बांधला होता : श्रेय स्वतःकडे ओढेल, दोष माझ्यावर ढकलेल. एका घरात राहणाऱ्यांची ही गत, तर दर रविवारी एका यादीत वर-खाली होणाऱ्या दोन पोरांची काय असणार?

चढाओढीत समोरचा पुढची चाल काय करील, याकडे आपलं लक्ष एकदम तल्लख होतं. तो ती चाल का करतोय, त्याला काय वाटतंय, हे मात्र आपण त्याला न विचारताच ठरवून टाकतो. डाव दिसतो, माणूस दिसेनासा होतो. खाली आलेल्या निम्म्या पत्रांचं मूळ आम्हाला इथेच दिसतं.

करायचं काय? "त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ" हा घरोघरी दिला जाणारा सल्ला इथे देऊ नका. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८मध्ये असे २५ प्रयोग प्रसिद्ध केले. नुसतं मनातल्या मनात दुसऱ्याच्या जागी जाऊन कोणाचाच अंदाज सुधारला नाही, उलट काही वेळा आपलं बरोबरच आहे ही खात्री तेवढी वाढली. अंदाज सुधारला तो थेट विचारल्यावर.

म्हणून मुलाला एक पान आखून द्या, मधोमध रेघ. डावीकडे जे डोळ्यांनी दिसलं किंवा कानांनी ऐकलं तेवढंच : "मंगळवारी हॅलोअल्केनच्या नोट्स मागितल्या. म्हणाला, घरी राहिल्या." उजवीकडे त्याने काढलेला अर्थ : "लपवतोय." मग त्याच उजव्या बाजूला आणखी दोन अर्थ लिहायला लावा, त्याला पटोत न पटोत. नोट्स अर्धवट असतील; अक्षराची लाज वाटत असेल; दुसऱ्या कोणाला दिल्या असतील. मुलं डावीकडे "मुद्दाम", "टाळून", "तोंड वाकडं करून" असले शब्द घुसडतात. ते खोडायला लावायचे, सगळी मेख त्यातच आहे.

त्यानंतर विचारणं. "तू मला नोट्स का देत नाहीस?" हा प्रश्न नसून आरोप आहे, त्याला उत्तर म्हणून बचावच येणार. "उद्या हॅलोअल्केनच्या आणशील का? द्यायच्या नसतील तर तसं सांग, मी दुसरीकडून घेईन" असं विचारलं, की नाही म्हणायला जागा राहते आणि जागा राहिली की खरं बोललं जातं. एका वेळी एकच गोष्ट विचारावी. आणि रविवारी रात्री यादी आल्यावर तर नकोच, बुधवार-गुरुवार बरा.

दोघांनी एकत्र अभ्यास करायचा असेल तर एलियट ॲरनसन यांनी १९७१मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत आणलेली पद्धत घरी चालते : धड्याचे दोन तुकडे करायचे, एकाने एकच तुकडा वाचायचा आणि दुसऱ्याला समजावायचा, वीस-वीस मिनिटं. दुसऱ्याचा तुकडा उघडून बघायचा नाही, म्हणजे एकमेकांवाचून अडतं. शेवटी "कोणाला जास्त आलं" अशी चाचणी घेतलीत तर सगळं पाण्यात. आणि तुम्ही दोघी आयांनी न्यायनिवाडा करू नका. घरात शिरल्यावर पहिला प्रश्न "त्याला किती पडले?" हा असेल तर तो मात्र आजपासून बंद.

माणसाला दुसऱ्याचं मन ओळखता येतं, ते भांडून-झगडून आलं की एकमेकांना मदत करून? — निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे

दोन्हींतून, पण दोन्हींचा वाटा सारखा नाही. या प्रश्नाला शास्त्रात तोंड फुटलं ते १९७८ साली, डेव्हिड प्रेमॅक आणि गाय वुडरफ यांच्या चिंपँझीवरच्या लेखाने. पुढे बरीच वर्षं माणूस मदत म्हणून खूण करून खाऊ कुठे आहे ते दाखवायचा, आणि चिंपँझी हमखास गोंधळायचे. त्यामुळे त्यांना दुसऱ्याचं काही कळत नाही, असा समज पक्का होत चालला होता.

२०००मध्ये ब्रायन हेअर, जोसेप कॉल, मायकल टोमासेलो आणि सहकाऱ्यांनी मांडणीच बदलली. दोन चिंपँझी, एक दांडगा आणि एक दबलेला. मधे दोन ठिकाणी खाऊ. एक दोघांनाही दिसणारा, दुसरा आडोशामुळे फक्त दबलेल्याला दिसणारा. दबलेला बहुतेक वेळा आडोशामागच्या खाऊकडेच वळला. म्हणजे दांडग्याला काय दिसतंय आणि काय नाही, हे तो धरून चालला होता. मदतीच्या प्रसंगात न दिसलेली समज झुंजीच्या प्रसंगात लख्ख दिसली.

माणसाचं पोर इथे वेगळं पडतं. साधारण वर्षाचं झालं की ते नुसतं दाखवायला म्हणून बोट दाखवतं : बघ, काऊ! त्यात त्याला मिळवायचं काहीच नसतं. टोमासेलो यांचा भर याच गोष्टीवर आहे, की डाव ओळखण्याची अक्कल आपल्यात आणि वानरांत पुष्कळशी समाईक आहे, पण 'तू आणि मी मिळून एकच गोष्ट बघतोय' हे आपलं खास. आमचाही कल तिकडेच.

मी एमएचटी-सीईटी आणि नीट दोन्ही देणार आहे. पेपर सोपा आला की वाटतं, जिंकलो. अवघड आला की तिथेच खचतो. शेजारचा भराभर गोळे काळे करत असतो, ते बघून आणखी हात थरथरतो. निकाल मात्र माझ्या अंदाजाच्या भलताच उलट लागतो. स्वतःचा अंदाज बांधायला शिकता येतो का? — अभ्यासिकेतला विद्यार्थी, कोपरखैरणे

येतो, आणि फार वेळही लागत नाही. पण आधी घोळ कुठे आहे ते बघा. पेपर सोपा आला तो सगळ्यांनाच सोपा आला. सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, म्हणजे तुम्ही किती जणांच्या पुढे आहात एवढंच त्यात मोजलं जातं. तरीही माणसाला सोप्या पेपरात आपलं पारडं जड वाटतं आणि अवघड पेपरात हलकं. पॉल विंडशिट्ल आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हेच दाखवलं : विषय सोपा निघाला की दोन्ही बाजूंच्या स्पर्धकांना आपणच जिंकू असं वाटत होतं. आपल्याला फुटलेला घाम आपल्याला जाणवतो, शेजारच्याचा दिसत नाही. आणि भराभर काळे होणारे गोळे लांबून सारखेच दिसतात, बरोबर असोत की चूक.

आता सराव. मॉक टेस्ट देताना प्रश्नपत्रिकेच्या कडेला प्रत्येक उत्तरापुढे एक अक्षर लिहा : 'प' म्हणजे पक्कं, 'ब' म्हणजे बहुतेक, 'अ' म्हणजे अंदाजाने. एका अक्षराला एक सेकंद लागतो. पेपर संपल्यावर, उत्तरसूची उघडण्याआधी, अपेक्षित गुण एका आकड्यात लिहून ठेवा. "साडेचारशे-पाचशे" असं नाही, एकच आकडा. मग तपासताना तिन्ही गटांचा हिशोब वेगवेगळा करा.

समजा भौतिकशास्त्राच्या ४५ प्रश्नांत २० पक्के होते आणि त्यांतले १५ बरोबर आले. म्हणजे तुमचं 'पक्कं' ७५ टक्के. हा गट निदान ९५च्या आसपास हवा. तो ७५ वर असेल तर पहिलं वाचून झालं की उत्तर येतंय असा भास तुम्हाला होतोय. याउलट अंदाजाने लिहिलेले १० आणि त्यांतले ५ बरोबर, तर तुम्ही स्वतःला कमी लेखताय. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी २५ टक्के येतात, तुमचे ५० येताहेत म्हणजे आत कुठेतरी माहिती आहे.

याचा गुणांशी थेट संबंध आहे. नीटमध्ये बरोबरला ४ मिळतात, चुकला की १ जातो. हिशोब केलात तर पाचात एक बरोबर येत असेल तिथे बरोबरी होते. ज्या १० प्रश्नांत तुमचे ५ बरोबर येतात ते सोडून दिले, तर २० वजा ५ असे १५ गुण तुम्ही घाबरून टेबलावर ठेवून आलात. सीईटीत चुकीला गुण जातच नाहीत, तिथे प्रश्न सोडायचा प्रश्नच येत नाही.

यात नेहमी तीन गोष्टी बिघडतात. एक, अक्षरं उत्तरसूची बघून मग लिहिली जातात. असा सराव फुकट. दुसरी, सुरक्षित म्हणून सगळीकडे 'ब' मारला जातो; 'ब' निम्म्याच्या वर गेले तर पेपर पुन्हा वाचून त्यांची फोड करा. तिसरी म्हणजे एकाच पेपरवरून निष्कर्ष काढला जातो. १० प्रश्नांच्या गटात दोन इकडचे तिकडे झाले की टक्केवारी २०ने हलते, म्हणून निदान चार-पाच पेपरांची बेरीज करूनच बोला.

धडा किती आला, याचा अंदाजही असाच फसवतो. वाचून पुस्तक मिटल्या मिटल्या "आलं" असं वाटतं, कारण तेव्हा ते डोळ्यांसमोरच असतं. टॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांनी १९९१मध्ये शब्दजोड्या पाठ करायला देऊन पाहिलं : थोडा वेळ जाऊ देऊन मग स्वतःचा अंदाज घेतला तर तो कितीतरी जास्त अचूक निघाला. तेव्हा सकाळी वाचलेल्या धड्याचा कौल रात्री घ्या, पुस्तक बंद ठेवून, आणि शीर्षक बघून काय काय आठवतं ते कागदावर उतरवून. मनात "आठवलं" म्हणणं चालणार नाही.

शेजारच्याबद्दल इतकंच : पहिली वीस मिनिटं नजर कागदावर. पुढे तोही थांबतो.

तुर्भ्याच्या बाजारात आमचा फळांचा गाळा आहे. वडील म्हणतात, गिऱ्हाइकाची अडचण ऐकत बसलास की भाव पडलाच म्हणून समज. मला वाटतं, समोरच्याचा विचार केला तर सौदा नीट होतो. बरोबर कोण? — तरुण व्यापारी, वाशी

वडिलांचं अर्धं बरोबर आहे आणि तुमचं दुसरं अर्धं. समोरच्याला काय हवंय हे डोक्याने ओळखणं वेगळं, आणि त्याच्या अडचणीने आपला जीव कळवळणं वेगळं. ॲडम गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये पेट्रोल पंपाच्या विक्रीचा लुटुपुटीचा सौदा लावला होता. विकणाऱ्याची किमान किंमत घेणाऱ्याच्या कमाल किमतीहून जास्त, म्हणजे नुसत्या भावावर सौदा होणं अशक्यच. पण विकणाऱ्याला लांबच्या सफरीसाठी पैसे आणि परतल्यावर नोकरी हवी होती, घेणाऱ्याला पंप चालवायला माणूस. ज्यांना "समोरचा काय विचार करत असेल ते बघा" असं सांगितलं होतं, त्यांना ही वाट जास्त वेळा सापडली. "त्याला काय वाटत असेल ते अनुभवा" असं सांगितलेले त्यांच्या मागे राहिले.

वर नेरूळच्या बाईंना आम्ही दुसऱ्याच्या जागी जाऊ नका म्हटलं, आणि इथे उलट सांगतोय असं वाटेल. फरक असा, की सौद्यात तुमचा अंदाज तिथल्या तिथे तपासला जातो. तुम्ही काहीतरी पुढे ठेवता, तो हो किंवा नाही म्हणतो. मित्राच्या मनाबद्दलचा अंदाज महिनोन्‌महिने न तपासता मुरत राहतो.

गिऱ्हाईक यायच्या आधी चार ओळी लिहा. माल त्याला कधीपर्यंत हवाच आहे? तो पैसे रोख देतो की मुदतीने? इथे जमलं नाही तर कोणत्या गाळ्यावर जाईल? त्याला पुढे कोणाला जाब द्यावा लागतो? मग भाव सोडून हलवता येतील अशा गोष्टींची यादी : प्रत, नगांची संख्या, उधारीची मुदत, वाहतूक, हमाली. समजा तुम्हाला पेटीमागे ११५० हवेत आणि तो ११०० वर अडलाय. पण तो २१ दिवसांनी पैसे देणारा आहे, आणि तुमचं दुखणं नेमकं तेच. सात दिवसांत पैसे आणि तीन आठवडे ठरलेला उठाव, या बोलीवर ११०० तुम्हाला महाग पडत नाहीत. पन्नास रुपयांवर तासभर घासाघीस करणाऱ्यांना हे दिसत नाही. आणि रुमालाखाली बोटं दाबून करायच्या जुन्या सौद्यात तर फक्त आकडाच सांगता यायचा, बाकीचं सांगणार कशाने?

एक धोका मात्र आहे. एप्ली, यूजीन करूसो आणि मॅक्स बेझरमन यांनी २००६मध्ये दाखवलं, की तुटपुंज्या गोष्टीची वाटणी चालू असताना दुसऱ्यांचा विचार करायला लावलं तर लोक तोंडाने "माझा रास्त वाटा कमीच आहे" असं कबूल करतात, आणि प्रत्यक्षात जास्त उचलतात. कारण दुसऱ्याचा विचार म्हणजे "तो ओरबाडणार" हाच विचार डोक्यात येतो, मग आपण आधी ओरबाडतो. तेव्हा त्या चार ओळींखाली पाचवी लिहा : "तो किती ताणेल असं मला वाटतं." सौदा झाल्यावर खरा आकडा शेजारी मांडा. महिनाभरात तुमचा संशय किती टक्के जादा आहे ते समोर येईल, आणि ते वडिलांना दाखवायलाही बरं.

मी कबड्डी शिकवतो. पोरं विरुद्ध संघाच्या कोपऱ्याचा डाव बरोबर ओळखतात. पण स्वतःची पकड का सुटली विचारलं की पंचांवर घसरतात. आणि माझा सर्वांत चांगला चढाईपटू निर्णायक चढाईत हमखास गळपटतो. — प्रशिक्षक, कळवा

पंचांचं आधी. १९५१ साली अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यातला अमेरिकन फुटबॉलचा एक सामना फार दांडगाईचा झाला. १९५४मध्ये ॲल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल यांनी त्याचं चित्रीकरण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून डार्टमथने केलेले नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथच्या मुलांपेक्षा दुपटीहून जास्त दिसले. चित्रपट तोच. म्हणजे तुमची पोरं थापा मारत नाहीत, त्यांना तसंच दिसतं.

मोबाइलवर चढाई चित्रित करा आणि आवाज बंद करून दाखवा; प्रेक्षकांचा गलका आणि शिट्टी कानावर पडली की मत आधीच ठरतं. बघण्याआधी प्रत्येकाने कागदावर दोन गोष्टी लिहायच्या : चढाईपटूचा पुढचा पाय कुठे होता, आणि साखळीतला माझा हात कधी सुटला. मग चित्रफीत. तिसऱ्या वेळी आपल्या संघाचा खेळाडू दुसऱ्या संघाचा समजून बघायला सांगा. कागद गोळा करू नका, नाहीतर पोरं तुम्हाला बरं वाटेल ते लिहितील.

चढाईपटूचं कारण वेगळं आहे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचा किंवा बाद व्हायचं, हे त्याला माहीत असतं. मग तो स्वतःच्याच पायांवर पहारा ठेवतो. शॉन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये मुरलेल्या फुटबॉलपटूंना चेंडू नेताना स्वतःच्या पायाकडे लक्ष द्यायला लावलं, तर सरावाच्या पायाने ते उलट मंदावले. नवख्यांना मात्र तेच लक्ष उपयोगी पडलं. म्हणून त्या ३० सेकंदांत "पाय लांब टाक, खांदा खाली" असं बाहेरून ओरडू नका. मॅटवर जाण्याआधी एकच बाहेरची खूण द्या : डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूची कंबर. किंवा समोर सहा-सात जण असतील तर बोनसची रेघ. आणि सरावात रोज दोन-तीन चढाया अशा ठेवा, की सगळा संघ कडेला उभा राहून बघतोय आणि गुण गेला तर सगळ्यांना फेरी. सवय त्या दडपणाचीच व्हायला हवी.

आमच्या सोसायटीत गणेशोत्सवात 'अ' आणि 'ब' विंगच्या स्पर्धा ठेवल्या. आता लिफ्टमध्येही लोक बोलत नाहीत. एकत्र जेवण ठेवलं तर मिटेल का? — सांस्कृतिक समिती, घोडबंदर रोड

नुसत्या जेवणाने नाही मिटणार. मुझफर शेरीफ यांनी १९५४च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमातल्या शिबिरात २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात चुरस लावली होती. हाडवैर जमल्यावर एकत्र जेवण ठेवलं, तर मुलांनी अन्न एकमेकांवर फेकलं! वैर ओसरलं ते शिबिराचं पाणी बंद पडल्यावर, आणि अडकलेला ट्रक दोन्ही गटांनी मिळून दोराने ओढल्यावर. तेही एका फटक्यात नव्हे, अशी बरीच कामं व्हावी लागली.

घोडबंदरला पाण्याची अडचण मुद्दाम निर्माण करायची गरज नाही. टँकरचं वेळापत्रक आणि टाक्यांची तपासणी यासाठी दोन्ही विंगचे दोन-दोन जण घेऊन एकच गट करा. पुढच्या वर्षीचे संघ मजल्यांप्रमाणे पाडा : सम मजले, विषम मजले. विंगच्या नावाचा फिरता चषक असेल तर तो कपाटात जाऊ द्या.

नववीच्या वर्गाला हा विषय एका तासात कसा शिकवावा? — शिक्षिका, खारघर

रोझमेरी नागल यांनी १९९५मध्ये प्रसिद्ध केलेला आकड्यांचा खेळ घ्या. प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव आणि ० ते १०० मधला एक आकडा लिहायचा. सगळ्यांची सरासरी काढून तिच्या दोन-तृतीयांशाच्या सर्वांत जवळ ज्याचा आकडा, तो जिंकला. बोलायचं नाही, पाच मिनिटं.

काहीच विचार न करता लिहिलेल्या आकड्यांची सरासरी ५०च्या आसपास येईल, म्हणून एक पायरी विचार करणारा ३३ लिहितो. "बाकीचे ३३ लिहितील" असं धरणारा २२ लिहितो. असंच खाली उतरत गेलं तर शेवट शून्यावर. पण शून्य लिहिणारा हरतो, कारण बाकीचे तितके खाली उतरत नाहीत. नागल यांच्या पहिल्या फेरीत सरासरी ३७च्या जवळपास होती, म्हणजे जिंकणारा आकडा २४-२५. चिठ्ठीच्या मागे "बाकीचे काय लिहितील असं मला वाटलं" हे एका वाक्यात लिहून घ्या. नंतरची चर्चा त्यावरच चालते. फळ्यावर आकडे मांडा, नावं नकोत. लगेच दुसरी फेरी घ्या, आकडे झपाट्याने खाली येतात.

तिसऱ्या फेरीत चार-चारचे गट करा आणि गटाने मिळून एक आकडा द्यायला सांगा. आता मुलांना दुसऱ्याचा विचार ऐकावा लागतो, आणि "तू असं का धरलंस?" हा प्रश्न आपोआप उठतो. वेळ कमी असेल तर दुसरी फेरी गाळा, ही गाळू नका.

दोन अडचणी येतील. दोन-तृतीयांश म्हणजे काय हे काहींना कळलेलं नसतं, तेव्हा आधी ६०चं उदाहरण फळ्यावर सोडवा, ४० येतात. आणि एखादा पठ्ठ्या गंमत म्हणून १०० लिहितोच. ४० मुलांच्या वर्गात ३०च्या जागी १०० आले तर सरासरी पावणेदोनने वर जाते आणि जिंकणारा आकडा साधारण १.२ने. त्याला रागावू नका, पुढच्या फेरीत बाकीच्यांना विचारा, "तो पुन्हा १०० लिहील असं किती जणांना वाटतं?" आणि मग त्यालाच विचारा.